डब्यातले वीस बिल्ले

जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. हिंगोलीत नवी कार्यालयं उघडत होती, जुन्या इमारतींवर नव्या पाट्या चढत होत्या, आणि मी अर्थशास्त्रात एम.ए. होऊन वडिलांच्या कापडाच्या दुकानात लोकांना ब्लाऊजपीस दाखवत होते. लग्नाचं बोलणं घरात दर आठवड्याला निघायचं. अशात एका संस्थेला सर्वेक्षणासाठी माणसं हवी आहेत असं कळलं. सरकारनं छोट्या धंद्यांना जी मदत केली तिचं पुढं काय झालं, हे घरोघर जाऊन तपासायचं काम होतं. मी अर्ज केला आणि आठ दिवसांत माझ्या खांद्याला शबनम पिशवी आली, पिशवीत पंधरा पानांची प्रश्नावली.

त्या प्रश्नावलीवर माझी फार श्रद्धा होती. आता हसू येतं, पण तेव्हा वाटायचं की माणूस खरं बोलला आणि मी नीट रकाने भरले, तर सगळं आपोआप उघडं पडणार. कुणाचा धंदा चालला, कुणाचा बुडाला, कुणी सरकारला टोपी घातली, सगळं. शिवणयंत्र असो, पिठाची गिरणी असो, किराणा असो, प्रश्न तेच. कळमनुरीच्या बाजारात एका चप्पल शिवणाऱ्याला मी 'तुमच्या आस्थापनेवर फलक आहे का' असं विचारलं होतं, आणि त्यानं शांतपणे डोक्यावरच्या लिंबाकडे बोट दाखवलं होतं. मी त्या रकान्यात 'नाही' लिहिलं.

डोंगरकडा गावापासून आत चार किलोमीटरवर मेंढपाळांची एक वाडी होती. तिथल्या एका बाईला सरकारी योजनेतून दोन वर्षांपूर्वी वीस मेंढ्या मिळाल्या होत्या. वाडीतलं ते पहिलंच घर. त्यांच्या मागं आणखी बारा घरांची यादी तयार होती, पण पहिल्या घराचं काय झालं ते पाहिल्याशिवाय यादी पुढं सरकणार नव्हती. ते पाहायला मला पाठवलं होतं. एसटीतून उतरून मी हळदीच्या शेतांमधून चालत गेले तेव्हा वाडीला माझी खबर आधीच लागलेली होती. बारा घरांची माणसं काहीतरी कामाचं निमित्त काढून रस्त्यावर उभी होती.

बाई पंचावन्नच्या आसपासच्या असाव्यात. उंच, काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन मुलगे आळीपाळीनं कळप चारायला नेत, पण कळप कुणाचा असं वाडीत कुणालाही विचारलं तर बोट त्यांच्याकडेच जायचं. त्यांनी माझ्यासाठी घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि समोर बसल्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले.

"व्यवसायाचं ठिकाण?" मी विचारलं.

"चैतापातुर पुसदच्या डोंगरात. मंग हितं. मंग कोणी खतासाठी शेतात मेंढ्या बसवायला बोलावलं की तिकडं."

"एक ठिकाण सांगा."

"मेंढीला इचार, माय. ती एका जागी थांबली तर मी बी थांबीन."

"व्यवसाय दिवसातून किती तास चालतो?"

त्या जरा विचारात पडल्या. "मेंढी झोपली तरी लोकर वाढतीच की," म्हणाल्या. मी चोवीस लिहिलं आणि पुढच्या रकान्यात अडकले, कारण तिथं साप्ताहिक सुट्टीचा वार विचारला होता.

इथवर गंमत होती. पान अकरावर मात्र 'प्रत्यक्ष पडताळणी' होती. योजनेतल्या प्रत्येक मेंढीच्या कानात नंबराचा पितळी बिल्ला मारलेला असतो. तो बिल्ला पाहायचा, नंबर फायलीशी जुळवायचा, बरोबरची खूण करायची. बिल्ला नसेल तर ती मेंढी विकली असं धरायचं. नियमच तसा होता आणि प्रशिक्षणात आम्हाला तो तीन वेळा सांगितला होता. दिवस कलायला आला तसा कळप परतला. दोनशेच्या वर मेंढ्या, धुळीचा एक ढग, आणि ते एकसुरी बें-बें ओरडणं. मी पदर खोचून आत शिरले. एक कान पाहिला, दुसरा पाहिला, पन्नास पाहिले. एकाही कानात बिल्ला नव्हता.

माझं डोकं तापलं. एवढं पाणी दिलं, घोंगडी अंथरली, आणि बाई वीसच्या वीस मेंढ्यांना बाजार दाखवून मोकळ्या झाल्या? मी तसं बोलले नाही, पण आवाज चढला असणार. "मावशी, सरकारी मेंढ्या कुठं आहेत?"

"ह्या काय. फिरून राहिल्या की तुह्या पायापाशी."

"मग बिल्ले कुठं आहेत?"

"हां, ते व्हय!" असं म्हणून त्या घरात गेल्या आणि आढ्याला टांगलेला एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. आत फडक्यात गुंडाळलेले वीस पितळी बिल्ले होते, घासून लख्ख केलेले.

मग काय झालं ते त्यांनी सांगितलं. बिल्ल्यांची टोकं बाभळीत नि बोरीत अडकायची, मेंढी हिसका द्यायची आणि कान फाटायचा. दोन मेंढ्यांचे फाटले तेव्हा मावशींनी पक्कड घेऊन एकेक बिल्ला स्वतःच्या हातानं उकलून काढला. कानाची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी दुसरी होती. "सरकारचं पितळ हाय ते," त्या म्हणाल्या. "रानात पडलं आन् उद्या कोणी मागाया आलं, तर काय देऊ? म्हणून बराबर जपून ठिवले. मोजून घे."

सरकार जनावर मागेल असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं, कारण जनावर तर समोर होतं. सरकार आपली वस्तू मागेल, आणि सरकारची वस्तू म्हणजे तो बिल्ला, हा त्यांचा सरळ हिशेब. मी त्यांना नियम समजावून सांगितला. कानात बिल्ला नाही म्हणजे मेंढी नाही, म्हणजे विकली, म्हणजे तुमचं नाव खराब आणि बारा घरांची यादी बंद. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. रस्त्यावरची माणसं आता कुंपणाला टेकून उभी होती.

"म्हंजी मी मेंढ्या इकल्या असं लिवशील तू?"

"माझ्या मनानं नाही, मावशी. नियमानं तसंच लिहावं लागतं."

"आन् ह्यातल्या त्या वीस दाखवल्या तर?"

दोनशेमधून वीस. मला तर त्या सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसत होत्या. मी म्हटलं, दाखवा.

त्यांनी डब्यात हात घातला आणि पहिला हाताला लागला तो बिल्ला उचलला. अक्षर ओळखत नव्हत्या, आकडाही नाही. बोटांत बिल्ला फिरवला, त्याच्या वाकलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "हिनं पक्कड लावताना मान झटकली व्हती, म्हणून हा असा वाकडा निघाला," म्हणाल्या आणि कळपात शिरून, इकडं तिकडं न बघता, एक मेंढी कानाला धरून बाहेर आणली. मी नंबर वाचला, फायलीत पाहिलं. खरेदीच्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी प्रत्येक नंबरासमोर दोन ओळींचं वर्णन लिहून ठेवलेलं होतं. 'काळे तोंड, पाठीवर तांबूस पट्टा, दोन दाती.' काळं तोंड होतं. तांबूस पट्टा होता. दात मात्र सहा निघाले.

"दात जुळत नाहीत," मी म्हटलं.

"दोन साल झाले की, माय. तुहं बी दोन सालात काही वाढलं असंल न्हाई का?"

कुंपणाजवळ कुणीतरी खुदकन हसलं. मी दुसरा बिल्ला दिला. तिसरा दिला. प्रत्येकाचं त्यांच्यापाशी काही ना काही होतं. एकाची कडा दगडावर आपटून चेपली होती, एकाला काढताना लागलेलं रक्त कडेच्या खाचेत काळं होऊन बसलं होतं, घासूनही गेलं नव्हतं. बिल्ला हातात आला की त्या क्षणभर थांबायच्या आणि मग कळपात जायच्या. आणल्या मेंढीबरोबर तिची पिलावळही सांगायच्या. ही हिची पहिली, ती तिकडची दुसरी, तिसरं कोकरू पावसात गेलं. मी पेन हातात धरून नुसती उभी होते.

अंधार पडायला लागला म्हणून त्या रात्री मी वाडीतच एका घरी राहिले. खरं सांगायचं तर माझा विश्वास बसत नव्हता. माझ्यातली दुकानदाराची मुलगी म्हणत होती, काहीतरी खुबी आहे, बिल्ल्यांचा क्रमच पाठ करून ठेवलाय. सकाळी मी डबा हलवून बिल्ले उलटेपालटे केले, स्वतः एकेक काढून दिला, मधूनच एखादा झालेलाच दुसऱ्यांदा दिला. दुसऱ्यांदा दिला की त्या म्हणायच्या, "ही झाली की आत्ताच." एकदा मी शेजारच्या कळपातली एक मेंढी गुपचूप आत सोडली. मावशी तिच्याकडं न बघताच म्हणाल्या, "ही पाव्हणी कवा आली?"

फक्त एकदा मला वाटलं, सापडल्या. फायलीत लिहिलं होतं 'डाव्या कानावर पांढरा ठिपका', आणि त्यांनी आणलेल्या मेंढीचा ठिपका उजव्या कानावर होता. मी जरा आनंदानंच ते सांगितलं. मावशींनी मेंढीला धरून माझ्या समोर तोंड करून उभं केलं. "लिवणारा हितं तुह्या जाग्यावर उभा व्हता," त्या म्हणाल्या. "त्याचं डावं ते हिचं उजवं." मी त्या डॉक्टरांच्या जागी उभी होते आणि ठिपका खरंच माझ्या डाव्या हाताला होता. दोन वर्षांपूर्वी कोण कुठं उभं होतं तेही त्या मेंढीच्या कानावरून त्यांना दिसत होतं.

त्या सकाळी पहिल्यांदा मला माझ्या पंधरा पानांची लाज वाटली. जे पाहायला मी आले होते ते या बाईला माझ्यापेक्षा शंभर पटीनं जास्त दिसत होतं, आणि तपासणारी मात्र मी होते.

एकोणीस झाल्या. विसावा बिल्ला त्यांनी माझ्या हातून घेतला आणि तळहातावर तसाच ठेवला.

"ही मेली," त्या म्हणाल्या. "पुसदच्या डोंगरात, सापाचं पान लागून. पळसाखाली पुरली."

"कान कापून आणायचा असतो, मावशी. कान दाखवला की नोंद होते."

"मेलेलीचा कान कापू?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी फाईल मिटली.

हिंगोलीला परतून मी मेंढ्यांची योजना सांभाळणाऱ्या साहेबांपुढं सगळं मांडलं. साहेब निवृत्तीला आलेले, स्वभावानं मऊ गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ताई, बिल्ला नाही म्हणजे जनावर नाही. तुम्हाला बाईंनी भुलवलं." मी तावातावानं भांडले. वडिलांशीही मी इतकी कधी भांडले नव्हते. शेवटी ते म्हणाले, "बरं, मी येतो. नवे बिल्ले घेऊन येतो. जुळल्या तर मारून देतो."

आठ दिवसांनी साहेब जीप घेऊन आले. बरोबर बिल्ले मारायचा चिमटा आणि वीस नवे बिल्ले. बाराही घरं कुंपणाभोवती गोळा झाली होती, आज कुणी कामाचं निमित्तही केलं नव्हतं. साहेबांनी फाईल स्वतः हातात घेतली आणि मला लांब उभं केलं. मावशींनी एकोणीस मेंढ्या एकामागून एक आणल्या. सहाव्या-सातव्यानंतर साहेब फाईल बघायचे थांबले आणि नुसते मावशींकडं बघू लागले. दहाव्याला ते हळूच म्हणाले, "बाप रे." नवा बिल्ला कानात बसला की मावशींचे डोळे बारीक व्हायचे, बाभळीची आठवण येत असावी.

विसाव्यावर गाडी थांबली. पुरावा नसलेला मृत्यू, म्हणजे वीस मेंढ्यांचं युनिट अपूर्ण. आणि अपूर्ण युनिट म्हणजे वाडीची यादी थांबणार. साहेबांनी उरलेला एक बिल्ला बोटांत फिरवला. इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, त्या मेलेलीची पिलं असतील ना कळपात?"

"दोन लेकी हायत."

"मग त्यातली एक उभी करा. रक्त तेच आहे. मी बिल्ला मारतो, वीस पूर्ण झाल्या, बारा घरांचं काम होऊन जाईल. कुणाचं काही वाईट होत नाही यात."

त्यांच्या मनात पाप नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मीसुद्धा मनातल्या मनात म्हणत होते, मावशी, हो म्हणा, हो म्हणून टाका. बारा घरांतला सगळ्यांत म्हातारा माणूस, ज्याच्याकडं स्वतःच्या जेमतेम नऊ मेंढ्या होत्या, चटकन कुंपणाच्या आत आला. कुठली लेक ते त्यालाही ठाऊक होतं. त्यानं तिला मानेला धरून साहेबांपुढं आणून उभी केली.

मावशी जागच्या हलल्या नाहीत.

"सायेब, तुमी भल्यासाठी सांगून राहिले, ते समजतंय मला," त्या म्हणाल्या. "पर ती मेली. ही तिची लेक हाय. तिच्या नावावर हिला उभी केली, की उद्या ह्या कळपात कोणती कोण, ते मला सोतालाच उमगायचं न्हाई. मंग माह्याजवळ राहिलं काय?"

"मावशी, बारा घरं आहेत," साहेब म्हणाले.

"हायत. मी त्यायला मोजत न्हाई, मला एकेक तोंड दिसून राहिलंय." मग त्या म्हाताऱ्याकडं वळल्या. "सोड दादा तिला."

म्हाताऱ्याचा हात त्या मेंढीच्या मानेवर होता. त्यानं कुंपणाकडं पाहिलं, तिथल्या अकरा घरांकडं. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मग त्यानं हात उचलला. मेंढी दोन पावलं चालली आणि कळपात मिसळून गेली. "बराबर हाय," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर जाऊन इतरांमध्ये उभा राहिला.

साहेबांनी फायलीत एकोणीस लिहिले. जीपमध्ये बसल्यावर कळमनुरी येईपर्यंत ते फाईल उघडून त्या आकड्याकडं बघत होते. मी मात्र रडत होते. कशासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

यादी थांबली. साहेबांनी वर पत्रं लिहिली, मी त्यांच्या पत्रांना माझी टिपणं जोडली, फाईल इथून तिथं फिरत राहिली. सव्वा वर्षानं मंजुरी आली. ती सांगायला मी धावतच वाडीवर गेले. आता मी संस्थेत कायम झाले होते, घरात लग्नाचं बोलणंही थंडावलं होतं. मावशी कळपातच होत्या. मी बातमी सांगितली. त्यांनी मान हलवली आणि बाराव्या दाराकडं पाहिलं. दाराला कुलूप होतं.

"म्हाताऱ्याचं घर गेलं," त्या म्हणाल्या. "पोरं निजामाबादकडं वीटभट्टीवर गेली, त्याला बी घेऊन गेली. थांबवत न्हाई झालं त्यायला."

माझा सगळा आनंद गळून पडला. हजर नसलेल्या माणसाचं नाव नियमाप्रमाणं कटणार होतं. मला राग आला, नियमाचा, फायलीचा, आणि खोटं का बोलू, मावशींचाही. "एका मेंढीपायी, मावशी," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही हो म्हणाला असतात, तर तो आज इथं असता."

"व्हय," त्या म्हणाल्या. "असता."

त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. मग मी विचारलं, त्याच्या नऊ मेंढ्या कुणी घेतल्या, विकल्या का त्यानं?

"इकल काहून?" मावशींनी कळपाकडं हात केला. "जायच्या दिवशी हितं आणून सोडल्या. म्हणला, तुह्याजवळ असू दे, आलो की नेईन. आता तेरा झाल्या त्या."

"काही खूण केली का? लिहून घेतलं का?"

"त्यानं न्हाई इचारलं तसं काई," मावशी म्हणाल्या.

समोर अडीचशे मेंढ्या चरत होत्या. त्यांतल्या तेरा कुठल्या, हे मी दिवस मावळेपर्यंत शोधत होते आणि मला एकही ओळखता आली नाही.